सर्चमधून हरवलेलं रफूचं दुकान

१

दुकान जागच्या जागी होतं. खाली बेकरी, बाजूने अरुंद जिना, जिन्याच्या टोकाला काचेचं दार. आत खिडकीशी दोन टेबलं, त्यांवर मान वाकवलेले दिवे आणि भिंगं, भिंतीला सुतांच्या रिळांची कपाटं, आणि सगळीकडे खालून येणारा ताज्या पावाचा वास. तरीही दुकान हरवलंय, असं मावशींचं म्हणणं होतं.

मावशी म्हणजे दुकानाच्या मालकीण. भाच्याने तशी हाक मारायला सुरुवात केली आणि मग बेकरीवाल्यापासून कुरिअरवाल्यापर्यंत सगळ्यांच्याच त्या मावशी झाल्या. काम रफूचं. कोटाला पडलेलं भोक असं बुजवायचं की मालकाने चष्मा लावून शोधलं तरी कुठे फाटलं होतं ते सापडू नये. असं काम करणारे देशात फार थोडे उरले होते, त्यामुळे इथे गिऱ्हाइकं जिना चढून येत नसत. त्यांचे कपडे यायचे, पार्सलातून, देशाच्या कानाकोपऱ्यातून. कोणीही कुठेही बसून इंटरनेटवर फाटक्या कपड्याचं दुखणं टाइप केलं की सगळ्यात वर मावशींची वेबसाइट दिसायची.

निदान गेल्या हिवाळ्यापर्यंत दिसत होती. मग ती घसरायला लागली आणि आता शोधून बोटं दुखली तरी सापडत नव्हती. कुरिअरवाला पूर्वी खांद्यावर गोणी टाकून धापा टाकत वर यायचा. हल्ली तो रिकाम्या हाताने यायचा, मावशींच्या तब्येतीची विचारपूस करायचा आणि जायचा. ते मावशींना जास्तच लागायचं.

म्हणून त्यांनी चौकशीबाईंना बोलावलं.

चौकशीबाईंनी उमेदीची सगळी वर्षं टेलिफोनच्या चौकशी विभागात काढली होती. कानाला हेडफोन लावायचा आणि लोकांना हवा तो नंबर शोधून द्यायचा. निवृत्त झाल्यावर पाय पसरून बसायचं सोडून बाईंनी नवाच उद्योग काढला: ज्यांचं दुकान एका गल्लीत आणि गिऱ्हाईक देशभर, अशा लहान धंद्यांना सर्चमध्ये वर आणायचं. एक ॲकॉर्डियन सुरात लावणारे गृहस्थ, एक बाहुल्या दुरुस्त करणारी मुलगी, जुन्या फोटोंवरचे डाग काढणारं एक जोडपं, ही त्यांची मंडळी. नाव मात्र जुन्या नोकरीचंच चिकटलं होतं, आणि लोकांच्या भानगडीत नाक खुपसायला ते बरं पडायचं.

बाईंनी साइट उघडून पाहिली. चालू होती, छान दिसत होती, एकही पान बंद पडलेलं नव्हतं. मग कोणी काही पुसलं आहे का, असं त्यांनी विचारलं.

"एक अक्षरही पुसलेलं नाही," मावशी म्हणाल्या. "ते मी अगदी खात्रीने सांगते."

बोलता बोलता त्यांनी बाईंचा हात ओढून घेतला. कोटाच्या बाहीला खिळ्याला अडकून बारीकसं भोक पडलं होतं. मावशींची सुई आत-बाहेर झाली, बाईंचा चहा संपायच्या आत भोक नाहीसं झालं, आणि धागा कुठून आला हेही बाईंना कळलं नाही.

खरी अडचण मग कळली. या शहरात आणि आणखी बऱ्याच शहरांत ज्यांच्या लाँड्र्या होत्या, त्या लाँड्रीशेठनी मावशींना निरोप पाठवला होता: दुकान बंद करा, माणसांसकट आमच्या कारखान्यात या. काम पँटी आखूड करण्याचं, बटणं आणि चेन लावण्याचं. रफू मात्र करायचं नाही, त्यात वेळ जातो. शनिवारी शेठ उत्तर घ्यायला येणार होते.

"लोकांना रफू नकोच असेल, तर तसं सांगा," मावशी म्हणाल्या. "फाटलं की फेकायचं, नवं घ्यायचं, असं असेल तर मी सही करून मोकळी होते. पण कोणी मुद्दाम माझं दुकान झाकलं असेल, तर मला ते माणूस कळायला हवं. घरातलं असलं तरी."

एवढं बोलून त्यांनी सुनेच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

२

फायदा कोणाचा झाला, इथून सुरुवात करायची अशी बाईंची पद्धत. त्यांनी फोनवर 'इस्त्रीने कोट जळला' असं टाइप केलं. सगळ्यात वर लाँड्रीशेठची साइट आली. 'स्वेटरला कसर लागली' टाइप केलं. पुन्हा शेठच. बाईंनी ओठ मुडपले आणि थेट शेठच्या मोठ्या दुकानात जाऊन उभ्या राहिल्या.

शेठ वाफेच्या ढगातून बाहेर आले ते हसतच. माणूस मोठा गप्पिष्ट. बाई कशाला आल्या आहेत हे कळल्यावर ते रागावले नाहीत, उलट खूश झाले; आपल्यावर कोणी एवढा संशय घ्यावा इतके आपण हुशार दिसतो, याचंच त्यांना अप्रूप वाटलं. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, स्वतःची साइट उघडून दिली आणि म्हणाले, मावशींचं एक वाक्य यात सापडलं तर हा धंदा तुमच्या नावावर करतो.

बाईंनी सगळी साइट वाचून काढली. त्याला फार वेळ लागला नाही, कारण तीत वाचण्यासारखं काही नव्हतंच. 'आम्ही सर्व प्रकारच्या कपड्यांची काळजी घेतो' हे एकच वाक्य शेठनी वेगवेगळ्या रंगांत सगळीकडे लावलं होतं. हे वर आलं होतं ते स्वतःच्या जोरावर नव्हे. वरचा खाली गेला की खालचा आपोआप वर दिसतो, तसं झालं होतं.

शेठनी आणखी एक सांगितलं. मावशींचं नवीन पहिलं पान त्यांनी वाचलं होतं आणि त्यांना ते भयंकर आवडलं होतं.

"काय लिहिलंय हो. उंदीर, कसर, इस्त्री, कुत्रा, सिगारेट, सगळं एकात एक. वाचतच राहिलो. शेवटी मी कशासाठी ते पान उघडलं होतं, तेच विसरलो."

बाई हसल्या, निरोप घेऊन निघाल्या आणि दुकानाच्या पायरीवर थबकल्या. पूर्वीच्या पहिल्या पानावर दुकानाचं नाव आणि पत्ता सोडून काही नसायचं, हे त्यांना पक्कं आठवत होतं. मग एवढं लिहिलं कोणी?

३

साइट मुळात भाच्याने बांधली होती, कॉलेजात असताना. आता तो हॉटेलांच्या खोल्या राखून ठेवायचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत होता. तो कंपनीच्या कँटीनमध्ये बाईंना भेटला आणि आधी दहा वाक्यं वहिनीबद्दल बोलला. मावशींच्या सुनेला तो वहिनी म्हणायचा. तिने नवीन पहिलं पान केलं आणि त्याला साधं विचारलंही नाही, हे त्याच्या मनाला लागलं होतं. तेव्हापासून दोघं बोलत नव्हते.

रागाच्या भरात काही मोडलंस का, असं बाईंनी सरळच विचारलं. भाचा म्हणाला की फुगलेला माणूस फोन उचलत नाही, बस्स. आपलंच पोर कोणी विहिरीत ढकलत नाही.

आणि त्या साइटवर त्याचा पोरासारखाच जीव होता. आतली पानं कशी झाली ते सांगताना त्याचा चेहरा उजळला. तेव्हा दुकानात फोन यायचे, लोक आपलं गाऱ्हाणं सांगायचे आणि मावशी उत्तर द्यायच्या. हा शेजारी बसून मावशींचे शब्द जसेच्या तसे टाइप करायचा. एक दुखणं, एक पान. 'उंदराने कोट कुरतडला', 'बाहीवर सिगारेटचं भोक पडलं', 'कुत्र्याने खिसा फाडला'. कोण वाचणार हे, असं त्याला वाटलं होतं. वाचलं सगळ्या देशाने. विणकाम करणाऱ्या बायकांनी आपल्या गटात ती पानं एकमेकींना पाठवली, कुत्री पाळणाऱ्यांनी आपल्या साइटवर त्यांचा पत्ता दिला. मावशी सर्चमध्ये वर गेल्या त्या अशा.

बाईंना हे ओळखीचं वाटलं. चौकशी विभागात कोणी कधी 'रफूवाल्याचा नंबर द्या' म्हणालं नव्हतं. लोक म्हणायचे, "बाई, माझ्या कोटाला उंदराने भोक पाडलंय, कोणाला फोन करू?" माणूस धंद्याचं नाव विचारत नाही, आपलं दुखणं सांगतो. सर्चमध्येही तो तेच करतो. तेव्हा हेडफोनच्या पलीकडे बाई होत्या, आता यंत्र आहे, इतकाच फरक.

साइटमध्ये शिरायला कोणाकोणाला येतं, हे विचारल्यावर भाचा ओशाळला. पासवर्ड एकच होता आणि तो दुकानातल्या आरशाशेजारी चिकटवलेला होता. आत शिरणारा प्रत्येक जण साइटच्या लेखी 'मालक'. म्हणजे कोणी काय केलं याचा माग लागायचा नाही. पहिल्या पानावरचा मजकूर मात्र वहिनीचाच असणार, असं तो म्हणाला, आणि नाइलाजाने पुढे म्हणाला की चांगला लिहिलाय.

कँटीनच्या बाहेर बाकावर बसून बाईंनी फोनवर उंदराचं पान उघडलं. पान होतं. शीर्षक होतं. कुरतडलेल्या कोटाचा फोटो होता. खाली मावशींची दोन गोड वाक्यं होती की घाबरू नका, असं पुष्कळांचं होतं. आणि पान संपलं. काय करायचं, ते नव्हतंच.

बाईंनी कुत्र्याचं पान उघडलं, मग कसरीचं, मग इस्त्रीचं. सगळीकडे तीच कथा. प्रश्न जागेवर, उत्तर बेपत्ता.

४

सून फोटोग्राफर होती. दुकानाच्या कोपऱ्यातल्या तिच्या टेबलावर कॅमेरा, दोन लेन्स आणि एक अर्धा खाल्लेला पाव होता. मावशी बँकेत गेल्याची वेळ साधून बाईंनी तिला गाठलं. आपल्यावर संशय आहे हे तिला ठाऊक होतं, आणि त्यामुळे तिने बाईंना पाव देऊ केला नाही.

तिचं म्हणणं साधं होतं. जुनं पहिलं पान म्हणजे नुसती पाटी. तिने मोठे, सुंदर फोटो काढले, छान मांडणी केली, आणि मजकुरासाठी मधोमध भलीमोठी जागा मोकळी ठेवली. लिहिणं तिला जमत नाही. काही दिवसांनी बघते तर जागा भरलेली, आणि इतकी सुरेख की सांधा कुठे दिसेना. दिराने लिहिलं असणार असं ती धरून चालली. अबोला असूनही त्याने एवढं केलं, याचं तिला मनातून बरं वाटलं होतं. पण आधी बोलायचं कोणी, या पेचात तिने आभार मानायचं टाळलं.

"तो म्हणतो तुम्ही लिहिलंत," बाई म्हणाल्या.

सुनेने पाव अर्धा करून बाईंपुढे ठेवला. मग ती म्हणाली की तिने आतल्या पानांना हातही लावलेला नाही, एक अक्षर पुसलेलं नाही.

हे वाक्य बाईंनी मावशींच्या तोंडूनही ऐकलं होतं. त्यांनी सुनेच्या संगणकाच्या मोठ्या पडद्यावर एका बाजूला पहिलं पान लावलं. दुसऱ्या बाजूला भाच्याने आपल्या संगणकावरून पाठवलेली आतल्या पानांची जुनी प्रत. दोघी बोट फिरवत वाचू लागल्या. उंदराचं उत्तर पहिल्या पानावर सापडलं. कसरीचं त्याला लागून. इस्त्रीचं, कुत्र्याचं, सगळी होती. खरोखर एक अक्षरही कमी नव्हतं. कोणीतरी आतली सगळी उत्तरं उचलून दर्शनी पानावर आणली होती.

"चोरी नाही म्हणजे," सून म्हणाली.

"चोरी नाही. पण कसं काढलंय बघा."

बाईंनी उंदराच्या पानाचा शेवट दाखवला. मधला मजकूर काढल्यावर वाक्य अर्धवट तुटायला हवं होतं, 'त्यासाठी' किंवा 'वर सांगितल्याप्रमाणे' असं काहीतरी लोंबकळायला हवं होतं. तसं एकाही पानावर नव्हतं. काढणाऱ्याने उरलेल्या वाक्यांची टोकं इतकी सफाईने जुळवली होती की इथून काही गेलंय अशी शंकाही येऊ नये. चोर घाईत हिसका मारतो. पुसणारा पुसून मोकळा होतो. इथे कोणीतरी प्रत्येक पानाला मागून टाका घालून ठेवला होता.

सुनेने हळूच दुसऱ्या टेबलाकडे नजर टाकली. तिथे भिंगाखाली डोकं घालून लोकरकाका बसले होते, आणि ते मघापासून सगळं ऐकत होते.

५

लोकरकाका दुकानातले जुने कारागीर. फक्त लोकरीच्या कपड्यांना हात लावत, म्हणून हे नाव. स्वभाव खाजऱ्या लोकरीसारखाच. बाई समोर येऊन बसल्या तेव्हा त्यांनी मान वर न करता सांगून टाकलं की पासवर्ड त्यांनाही ठाऊक आहे, कारण दाढी विंचरायला ते त्याच आरशासमोर उभे राहतात. पण संगणकाला हात लावण्यापेक्षा ते पँटी आखूड करतील. आणि पँटी आखूड करायची वेळ आलीच तर ते त्या दिवशी घरी बसतील.

ते खोटं बोलत नसावेत असं बाईंना वाटलं, पण वाटून भागत नाही. दुकानात सफाईने टाका घालणारी माणसं दोनच. त्यांतलं एक हे. बाईंनी मग विषय बदलल्यासारखं करून विचारलं, रफूला लागणारा धागा येतो कुठून? रंग, जाडी, पीळ, सगळं हुबेहूब कसं जुळतं?

काकांनी पहिल्यांदाच मान वर केली. हा त्यांच्या आवडत्या भांडणाचा विषय होता.

"मी गिऱ्हाइकाकडून मागवतो. कपडा घेताना त्याच्याबरोबर जास्तीचा तुकडा मिळाला असेल तर तो पाठवा म्हणतो. नसेल तर सूत रंगवून घेतो. दुसरीकडचं काढून भरायचं, हे मला पटत नाही."

"आणि मावशी?"

"त्यांचं उलटं. ज्याचा धागा त्याच्यातूनच काढायचा. आतल्या शिवणीतून, खिशाच्या आतून, जिथे कोणी बघत नाही तिथून. काढला की मागची जागा बेमालूम बंद करायची. हात इतका साफ आहे की मी त्यांच्याशी वाद घालायचं सोडलं. आता फक्त कुरकुर करतो."

बाईंनी आपल्या कोटाची बाही उलटी केली. बाहेरून भोक कुठे होतं ते आता दिसतही नव्हतं. आतल्या शिवणीत मात्र, भिंग धरून पाहिल्यावर, एक धागा कमी होता, आणि त्याची जागा नाजूकपणे बंद केलेली होती.

मग त्यांना पहिल्या दिवशीचं बोलणं आठवलं. 'एक अक्षरही पुसलेलं नाही, अगदी खात्रीने सांगते.' इतकी खात्री कोणाला असते? ज्याने अक्षर न् अक्षर स्वतःच्या हाताने उचलून ठेवलंय त्यालाच.

ज्या माणसाने त्यांना गुन्हेगार शोधायला बोलावलं होतं, त्या माणसाला जाऊन काय सांगायचं? आणि उद्या शनिवार होता.

६

सकाळी बाईंनी सगळ्यांना दुकानात जमवलं. भाचा रजा काढून आला आणि वहिनीपासून शक्य तितका लांब उभा राहिला. मावशींनी हातातलं काम सोडलं नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं की नाव कळलं का.

बाई म्हणाल्या की कळलं, पण आधी मावशींनी आपलं काम बोलून दाखवावं. हातात तो राखाडी कोट आहे, त्याचं काय चाललंय?

मावशींना हे विचित्र वाटलं, पण कामाबद्दल कोणी विचारलं की त्यांना राहवत नसे. त्या सुई चालवत सांगू लागल्या.

"हे बघा, भोक पडलंय समोर, छातीवर. सगळ्यांचं लक्ष इथेच जाणार. धागा लागेल तो या कोटाचाच हवा, बाजारातला शोभत नाही. म्हणून आत जायचं. ही खिशाच्या आतली शिवण. इथून घ्यायचा, पुढे आणायचा, मागचं बंद करायचं. समोर भरलेलं दिसलं की झालं. आतलं कोण बघ..."

सुई थांबली.

मावशींनी कोट मांडीवर ठेवला. त्यांनी सुनेच्या पडद्याकडे पाहिलं, तिथे ते नवीन पहिलं पान उघडं होतं.

"मीच," मावशी म्हणाल्या. "अगं, तू मधोमध एवढी जागा मोकळी ठेवली होतीस. रोज बघत होते. मला ते भोकच दिसायचं. तू बाहेरगावी गेलीस तेव्हा आरशाशेजारचा पासवर्ड घालून बसले, आणि हळूहळू भरून टाकलं. आतून घेऊन. कोणाला सांगायचं असतं थोडंच? रफू केलं म्हणून कोणी सांगतं का?"

त्यांचे डोळे भरले. ज्या दुकानासाठी रात्रंदिवस जीव टाकला, ते आपल्याच हाताने झाकलं, हे त्यांना सोसत नव्हतं. सून उठून त्यांच्याजवळ गेली. भाचाही गेला, आणि मावशींच्या दोन बाजूंना दोघं उभे राहिल्यावर त्यांना एकमेकांकडे बघावंच लागलं.

"मला वाटलं तू लिहिलंस," सून म्हणाली.

"मला वाटलं तुम्ही," भाचा म्हणाला. "चांगलं लिहिलंय असंही वाटलं होतं."

बाईंनी मग समजावून सांगितलं. कोटाला समोरची बाजू एकच असते, म्हणून मावशींचा हिशेब कोटाला लागू पडतो. साइटला मात्र जेवढी पानं तेवढे दरवाजे. उंदराने कोट खाल्लेला माणूस पहिल्या पानावर येतच नाही, तो थेट उंदराच्या पानावर येतो. तिथे उत्तर नसलं की परत फिरतो. असे लोक परत फिरायला लागले, तसं यंत्राने ती पानं दाखवणं कमी केलं. आणि पहिल्या पानावर सगळं एकत्र आलं, तेव्हा ते पान नेमकं कशाचं हे यंत्रालाही कळेना आणि शेठलाही कळेना. यात दुष्टावा कोणाचाच नाही. चांगलं रफू चुकीच्या कापडावर झालं, एवढंच.

उत्तरं आजच्या आज आपापल्या पानांवर परत ठेवायची. पण यंत्राचा विश्वास एकदा उडाला की लगेच बसत नाही, याला वेळ लागेल आणि मी कसलंही वचन देत नाही, हेही बाईंनी स्पष्ट सांगितलं.

मावशींनी डोळे पुसले. त्यांचा खरा प्रश्न अजून बाकीच होता.

"उत्तरं परत ठेवू हो. पण विचारणारं कोणी आहे का? का लोकांना आता रफू नकोच आहे? शेठ यायची वेळ झाली. मला तेवढं खरं सांगा."

७

बाईंनी सुनेची खुर्ची ओढून घेतली आणि पडद्यावर दुसरंच काही उघडलं. लोकांनी सर्चमध्ये काय टाइप केलं की मावशींचं दुकान दाखवलं जातं, ते इथे दिसतं, असं त्या म्हणाल्या. हल्ली ते खोल तळाशी दाखवलं जात होतं, तिथवर कोणी पोचत नव्हतं. पण विचारणारे विचारतच होते.

त्यांनी चष्मा लावला आणि पूर्वी हेडफोनमध्ये बोलायच्या त्या स्वच्छ, सावकाश आवाजात वाचलं.

"बाबांचा कोट, कोपरं विरली आहेत, टाकवत नाही, काय करू."

मावशी बघतच राहिल्या. हे आत्ताचं का, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, याच आठवड्यातलं.

"टाकू नका म्हणावं," मावशी म्हणाल्या. "कोपरं विरली तर नुसतं रफू पुरत नाही. आतून पातळ कापडाचा आधार द्यायचा आणि त्यावर टाका घ्यायचा. पाठवून द्या म्हणावं."

भाचा कधी संगणकाशी बसला कोणाला कळलं नाही. तो मावशींचे शब्द जसेच्या तसे टाइप करत होता, आणि सून त्याला फोटो शोधून देत होती.

"मांजरीने लग्नाच्या कोटाचा धागा ओढला, लग्न परवा आहे," बाईंनी वाचलं.

"परवा असेल तर पाठवू नका, पोचायचा नाही. धागा कापू मात्र नका. बारीक सुईने उलट्या बाजूला ओढून घ्या, लग्नात कोणी बघणार नाही. मग सावकाश पाठवा."

"आईने विणलेला स्वेटर, कसर लागली, आई आता नाही."

लोकरीचं काम म्हटल्यावर मावशींनी दुसऱ्या टेबलाकडे पाहिलं. तेव्हा लोकरकाका पुढे झाले. त्यांनी सांगितलं की स्वेटर आधी पिशवीत बंद करून चांगले काही दिवस फ्रीजरमध्ये ठेवायचा, कसर मरते. मग तो पाठवायचा. प्रत्येक बाईचा विणायचा हात वेगळा असतो, तो ओळखता येतो, आणि त्यांना तसाच्या तसा घालता येतो. हे सगळं आपण संगणकासाठी बोलतोय याचं त्यांना भान राहिलं नव्हतं.

असं चाललं असताना लाँड्रीशेठ आले. हातात कागदांची फाईल. कोणी 'या' म्हणालं नाही, कारण कोणाचं लक्षच नव्हतं. ते भिंतीशी स्टुलावर बसले आणि ऐकू लागले. बाई वाचत होत्या, मावशी उत्तर देत होत्या. गादीत अडकून फाटलेली शाल, पडद्याला लागलेली मेणबत्ती, नाटकाच्या आदल्या दिवशी उसवलेला राजाचा झगा. मावशींचा आवाज हळूहळू मोकळा होत गेला. मधे त्या एकदा हसल्यासुद्धा.

बाई पाणी प्यायला थांबल्या, तेव्हा शेठनी घसा खाकरला.

"मावशी, इस्त्रीने कोट काळा जळला असेल तर?"

"कुठे?"

"खिशाच्या वर. आमच्याच एका शाखेत झालंय. गिऱ्हाईक काल दुकानात येऊन रडलं."

"जळलेलं खरवडू नका. पाणी लावू नका. आहे तसा घडी करून पाठवा, बघते."

शेठनी मान डोलावली. मग फाईल मांडीवर सरळ करत ते म्हणाले की आज मावशी त्यांना उत्तर देणार होत्या.

"मघापासून उत्तरंच तर देतेय, शेठ," मावशी म्हणाल्या आणि बाईंना पुढचं वाचायची खूण केली.

शेठनी एकवार सगळ्यांकडे पाहिलं. मग फाईल बंद करून काखेत मारली आणि कोट नेमका कोणत्या पत्त्यावर पाठवायचा ते भाच्याला विचारून घेतलं.